पाव इंचाचा ढाळ

कंत्राटदाराने सांगितलेला आकडा ऐकून
मी त्याला कॉफी दिली आणि दार उघडून उभी राहिले.
मग घण आणला, पहार आणली,
आणि अर्लनला फोन केला,
तीन वर्षांत पहिल्यांदा.
म्हटलं, डॅडींचं बाथरूम फोडतेय. येतोस?
पलीकडे थोडा वेळ नुसता टीव्ही बोलत राहिला.
मग तो म्हणाला,
पाणी कुठून बंद होतं ते आधी शोध.

डुलुथचा मार्च. सरोवर अजून पांढरं,
बंदरात जहाजं बर्फ सुटायची वाट बघत.
तो आला तो स्वतःची पाणसळ काखेत घेऊन.
माझ्या पाणसळीवर त्याचा विश्वास नाही.

बिडाचा टब दारातून निघेना.
त्यावर ओलं ब्लँकेट टाकून घण घातला.
चार माणसांनी हाशहुश करत वर नेलेली वस्तू
आम्ही दोघांनी बादल्यांतून खाली आणली.
कमोडखालच्या फळीत अर्लनने बोट खुपसलं,
दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
शनिवार-रविवारचं काम, मी म्हटलं होतं.
हार्डवेअरच्या दुकानातला ओरव्हिल आता
काय हवंय असं विचारत नाही,
काय फुटलं, असं विचारतो.

तिसऱ्या शनिवारी आरशाचं कपाट उतरवलं.
त्याच्या पाठीला ती फट,
दाढीचं वापरलेलं पातं टाकायची.
तेव्हाच्या घरांत असायचीच. पातं सरकवायचं,
ते भिंतीच्या पोटात जायचं,
आणि भिंत काही बोलायची नाही.

अर्लनने खालचं प्लास्टर फोडलं
आणि डॅडींच्या सगळ्या सकाळी बाहेर आल्या.
शेकडो. गंजून एकमेकींना चिकटलेल्या,
धक्क्यावरच्या पहिल्या पाळीच्या, नाताळच्या,
आईला पुरलं त्या दिवशीचीही त्यात कुठेतरी असणार.
जाड हातमोजे घालून आम्ही ढिगारा फावड्याने भरत होतो,
तर फावड्यात किल्ली.

चपटी, पातळ पत्र्याची.
मी ओळखली.
त्यानेही.

मला सात वर्षं होती, त्याला नऊ.
गळांच्या पेटीची किल्ली.
डॅडींनी कुलूप स्क्रूड्रायव्हरने उचकटलं
आणि अर्लनला होडीतून उतरवलं,
एक दिवस नाही, सबंध उन्हाळा.
तो सांगत राहिला, मी नाही घेतली, मी नाही घेतली,
आणि मी स्वयंपाकघरात आईशेजारी बसून
शेंगा मोडत होते,
कट्, कट्.
मला त्या होडीत कधीच नेलं नव्हतं.
म्हणून. एवढंच.
वाटलं होतं, आता सगळेच घरी राहतील.
डॅडी एकटे गेले.

बोलायला तोंड उघडलं तर आत चुन्याची धूळ.
अर्लनने किल्ली पँटला पुसली, दिव्याखाली धरली.
ही भिंत सरळ नव्हतीच कधी, म्हणाला.
ओळंबा लाव, बघ.
लावला. वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाचा फरक.
एवढी वर्षं आम्ही तिच्यात आरसा बघून भांग पाडत होतो.

दुपारी शॉवरखालची जमीन घ्यायला बसलो.
फुटाला पाव इंच ढाळ,
कमी दिला तर पाणी तुंबतं,
जास्त दिला तर माणूस घसरतो.
तो गुडघ्यांवर, गुडघे कुरकुरताहेत,
मी बादलीत मसाला कालवतेय,
ना सैल ना घट्ट, थापी उभी राहील इतपत.

तूच होतीस तर, तो म्हणाला,
पाणसळीवरची नजर न काढता.

हो.

बुडबुडा सरकला. मधल्या रेषेवर थांबला नाही,
जरा पलीकडे जाऊन थरथरत राहिला.

असाच हवा, अर्लन म्हणाला.
आण अजून मसाला. हा आळायला लागलाय.